भोंग्याचं गाणं
टँकरचा भोंगा कानावर पडला की आजही माझी मान खाली जाते. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दुष्काळानं मुरुडातले आड कोरडे पडले होते. टँकरच्या रांगेत शेजारच्या काकू रिकाम्या घागरीवर अंगठीनं ठेका धरायच्या आणि उशिरा येणाऱ्या ड्रायव्हरला चिडवणारं गाणं जुळवायच्या. मी लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचो. ते गाणं मी लातूरला जाऊन नाचाच्या चालीत रेकॉर्ड केलं, सुरुवातीला खरा भोंगा टाकला आणि कॅसेटवर गीत-संगीत म्हणून माझं नाव छापलं. नांदेडपर्यंत एकही वरात त्या गाण्याशिवाय निघेना. मग आमच्याच गल्लीतल्या लग्नात कुणीतरी ती कॅसेट लावली. भोंगा वाजताच मांडवातल्या सगळ्या बायका घरोघरच्या घागरी उचलून रस्त्यावर धावल्या. त्यांत अक्षता मुठीत धरलेली नवरीची आईही होती. मांडवात नवरदेव आणि भटजी एकमेकांकडे बघत राहिले. परत आल्यावर काकूंनी मला गाठलं. "काय रं, हे तर माझं गाणं हाय." सगळ्यांसमोर मी कॅसेटचं कव्हर पुढं केलं. "न्हाई काकू, माझंच हाय. छापलंय बघा." काकूंना वाचता येत नव्हतं. त्यांनी कव्हर उलटंसुलटं करून पाहिलं. "छापलंय म्हनल्यावर तुझंच असंल बाबा," म्हणाल्या आणि सगळ्यांच्या आधी नाचायला लागल्या. काकू आता नाहीत, म्हणून मीही छापूनच सांगतो: ते गाणं त्यांचं होतं. माझं त्यात काहीच नव्हतं. भोंगासुद्धा टँकरवाल्याचा होता.