पहिलं वाक्य

"वसूची तब्येत जरा जास्त झालीय. जमलं तर येऊन जा," श्रीकांत सर फोनवर म्हणाले, आणि मला कळलं, पाठक मॅडम गेल्या. आमच्या मराठवाड्यात मेलेलं माणूस फोनवर कधीच मेलेलं नसतं. ते 'सिरियस' असतं, 'जरा जास्त' असतं, फारच झालं तर 'डॉक्टर प्रयत्न करून राहिलेत' असतं. बाकीचं पोचणाऱ्यानं दारातल्या चपलांची गर्दी बघून समजून घ्यायचं. मी कामासाठी नांदेडला होते. लातूरची बस पकडली, खिडकीशी बसले, आणि पहिला विचार आला तो हा, की या बाईच्या मरणाची बातमीसुद्धा चुकीच्या वाक्यानं सुरू झाली. मॅडम ऐकायला असत्या तर त्यांनी उजवा हात वर केला असता आणि सख्ख्या थोरल्या भावाला खोलीबाहेर काढलं असतं. मला हसू फुटलं. शेजारची बाई अंग चोरून बसली.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तो नियम पाळायचा तर हा लेख इथंच थांबवावा लागेल. वसुधा पाठक मूळच्या लातूरच्या. बंगळूरला एका मोठ्या सल्लागार कंपनीत वरच्या जागेवर होत्या, ते सोडून परत आल्या आणि औसा रोडवर, बी-बियाणांच्या दुकानाच्या माडीवर त्यांनी स्वतःचं ऑफिस थाटलं. दाळमिल, जिनिंग, हॉस्पिटलं, कोचिंग क्लासेस... ज्यांचं कुठंतरी गाडं अडलंय त्यांनी आम्हाला बोलवायचं आणि आम्ही ते का अडलंय हे सांगायचं. माझी आई याला 'दुसऱ्याच्या घरी जाऊन भांडी कशी घासावी ते सांगायचा धंदा' म्हणायची. कामाला आम्ही सगळी इकडचीच पोरं, एमबीए झालेली, पुण्यानं नाकारलेली. मॅडमनी आमची नावं कधी घेतली नाहीत. गावावरून हाक मारायच्या. मी उमरी. माझ्या शेजारी बसणारा औसा. "उमरी, बोल. औसा, तू बोलू नको, तुझं तोंड उघडं असलं तरी पुरे."

त्यांचा एकच मोठा नियम होता. लोकांसमोर उभं राहिलात की पहिल्या वाक्यात निकाल सांगायचा, कारणं नंतर. स्वागत नाही, प्रस्तावना नाही, 'आपण सर्व जाणताच' नाही. सरावात पहिलं वाक्य मऊ निघालं की त्यांचा उजवा हात वर जायचा आणि बोट दाराकडे. मग आपण बाहेर जायचं, दार लावायचं, परत आत येऊन नव्यानं सुरुवात करायची. औसाला एका दुपारी त्यांनी इतक्या वेळा बाहेर काढलं की शेवटी तो आत आलाच नाही, जिना उतरून थेट स्टँडवर गेला. दुसऱ्या दिवशी आला तर म्हणाल्या, "बस चुकली का?" पडद्याकडे तोंड करून वाचलं की त्या प्रोजेक्टर बंद करायच्या. सरावाच्या टेबलावर पाणी ठेवू द्यायच्या नाहीत. "घोट घेतला की माणूस पाण्याबरोबर वाक्यही गिळतो," असं त्यांचं म्हणणं. आणि निकाल सांगून झाल्यावर तोंड बंद ठेवायचं. "ती शांतता तुमची नाही, समोरच्याची आहे. त्यात हात घालू नका." हे सगळं खरं होतं. त्यामुळेच मला ती बाई जास्त डाचायची.

मग उमरीचं काम आलं. तिथल्या जिनिंगमधलं, कापसाच्या गाठी बांधायचं जुनं प्रेस युनिट तोट्यात होतं आणि आमच्या अभ्यासात निघालं की ते बंद करण्यावाचून इलाज नाही. माझे बाबा त्याच युनिटवर फिटर होते. मालक, अधिकारी आणि कामगार यांच्यापुढे हे कोण मांडणार, याची चर्चासुद्धा झाली नाही.

"उमरी, तू बोलशील."

"मॅडम, तिथं माझे बाबा असतील."

"म्हणूनच. परक्यानं सांगितलं तर लोक दगड उचलतात. गावच्या पोरीवर कोण उचलणार? आणि घरी आधी बोललीस तर परत इकडं येऊ नको."

मी घरी बोलले नाही. मीटिंगच्या दिवशी बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. पोरगी बोलणार म्हणजे काहीतरी चांगलंच असणार, असं त्यांनी युनिटभर सांगून ठेवलेलं. खुर्चीखाली पेढ्यांचा खोका होता. मी उभी राहिले आणि म्हणाले, "जुनं प्रेस युनिट या हंगामानंतर बंद करावं लागेल." आणि शिकवल्याप्रमाणे गप्प झाले. बाबांच्या चेहऱ्यावरचं कौतुक लगेच गेलं नाही. बातमी कानात शिरली होती, चेहऱ्यापर्यंत पोचायची होती. ते तसंच कौतुकानं माझ्याकडे बघत राहिले, आणि मी ती शांतता त्यांची म्हणून त्यांना देऊन टाकली. नंतर मी कारणं सांगितली, ती सगळी पटण्यासारखी होती. कोणीही दगड उचलला नाही. लोक उठायला लागले तेव्हा बाबांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी खोका उघडला आणि ज्यांची नोकरी गेली त्यांना पेढे वाटले. खोका मॅडमपुढेही आला. मॅडमनी एक घेतला, खाल्ला, बोटं पुसली. "छान आहेत. इथंच मिळतात?"

"हाव," बाबा म्हणाले. "स्टँडवर."

घरी आल्यावर मी पाय धुऊन आत गेले तेव्हा बाबा माझ्याकडे न बघता बोलले. "जनावराला बी कापायच्या आधी पाणी दाखवतेत, रेखा. हितं तर माणसं बसली व्हती." तेवढंच. त्यानंतर फोन आईच उचलायची. "बाबा हायेत, पर ते मोटार दुरुस्त करून राहिलेत," म्हणायची.

लातूरला येऊन मी राजीनामा लिहिला. मॅडमनी तो उभ्याउभ्या चाळला आणि परत दिला. "निकाल तिसऱ्या ओळीत आहे." मी रडायला लागले. रडणाऱ्या माणसाला बसा म्हणायची त्यांची पद्धत नव्हती. त्यांनी मला तसंच उभं ठेवून त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. त्या बंगळूरला असताना श्रीकांत सरांचा फोन आला होता, आई जरा सिरियस आहे, निघ. मॅडम निघाल्या. रस्ताभर हैदराबादच्या डॉक्टरांना फोन लावले, ओळखी काढल्या, बेड मिळवला, ॲम्ब्युलन्स लातूरच्या घरी पाठवायची व्यवस्था केली. मध्येमध्ये भावाला विचारत होत्या, श्वास कसा चाललाय? भाऊ म्हणत होता, तसाच आहे. "आणि आई सकाळीच गेली होती," मॅडम म्हणाल्या. "मी दिवसभर मढ्यासाठी बेड शोधत होते. दारात ॲम्ब्युलन्सवाला उभा. त्यानं मला विचारलं, पेशंट कुठाय? घरातल्या सगळ्यांना माया होती, उमरी. कोणी मला एक वाक्य दिलं नाही." मग माझ्या हातातला कागद बघून म्हणाल्या, "ते सुधारून आण, लगेच मंजूर करते." मी आणला नाही. त्यांची कीव आली म्हणून राहिले असं नाही. मला हे काम येऊ लागलं होतं आणि आता ते सोडलं तर बाबांचा चेहरा फुकट गेला असता.

गेल्या वर्षी मॅडमना पोटाचं दुखणं निघालं. रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरांनी श्रीकांत सरांना आत बोलावून सांगितलं, आणि सरांनी बाहेर येऊन मला. हातात फार दिवस नव्हते. "वसूला कावीळ म्हणून सांगितलंय," ते म्हणाले. "तू काही बोलू नको, पोरी. माझी शपथ आहे." आयुष्यात या माणसानं दोनदा बहिणीपासून मरण लपवलं. पहिल्यांदा आईचं, दुसऱ्यांदा तिचं स्वतःचं. आणि दोन्ही वेळा डोळ्यांत पाणी आणून.

मी भेटायला आत गेले. मॅडम उशीपेक्षा हलक्या दिसत होत्या. पोटात काही ठरत नव्हतं, तोंडानं पाण्याचा थेंबही द्यायचा नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. नर्स ओठांवरून ओला कापूस फिरवून गेली.

"उमरी, श्री म्हणतो कावीळ आहे. तू सांग."

"मॅडम, रिपोर्ट तसे... म्हणजे डॉक्टरांचं असं म्हणणं आहे की..."

सलाईनची सुई लावलेला उजवा हात अंथरुणावरून वर उठला. बोट दाराकडे.

मी बाहेर आले, दार लावलं. बाकावरून श्रीकांत सर धडपडत उठले. "नाही ना सांगितलंस?" मी म्हणाले, नाही. "देव तुझं भलं करो," ते म्हणाले. मी दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी राहिले. मला उमरीचा हॉल दिसला, पांढरा शर्ट दिसला, बोटं पुसणाऱ्या मॅडम दिसल्या. पुढं मी जे केलं त्यात माया किती आणि सूड किती, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही होतं. मी परत आत गेले.

"मॅडम, तुम्ही यातून वाचणार नाही."

आणि गप्प झाले. त्यांच्या तोंडावर आधीचाच करडेपणा होता, तो थोडा वेळ तसाच राहिला. मग तो गेला. त्या जागी जे आलं ते मी लिहिणार नाही. मला ते पूर्वी एकदा दिसलेलं होतं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "ठीक. आता कारणं सांग." मी सांगितली. मध्येच त्यांनी डोळे मिटून घेतले. "पाल्हाळ लावू नको," म्हणाल्या.

शोकसभा ऑफिसातल्या सरावाच्या खोलीतच झाली. श्रीकांत सर उभे राहिले आणि म्हणाले, "आज आपण सर्वजण अत्यंत जड अंतःकरणाने..." आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी दाराकडे पाहिलं. औसा रुमालात तोंड खुपसून हसला की रडला, मला कळलं नाही.

नंतर मी उमरीला गेले. बाबा ओसरीवर कोणाची तरी पाण्याची मोटार उघडून बसले होते. आईनं आल्याआल्या पेला हातात दिला.

"बाबा, पाठक मॅडम वारल्या."

त्यांनी पाना खाली ठेवला. "कळलं व्हतं का तिला? मरणार म्हणून?"

"हो. मीच सांगितलं."

त्या मीटिंगनंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "पाणी दिलं व्हतंस?"

"नंतर मागितलं त्यांनी. खूपदा मागितलं. द्यायचं नव्हतं, बाबा."

बाबांनी मान हलवली. ती बरं झालं अशी होती की वाईट झालं अशी, ते मी विचारलं नाही. त्यांनी पाना उचलला आणि नट आवळायला घेतला.

आता सराव मी घेते, आणि तेव्हापासून सरावाच्या टेबलावर पाण्याचा पेला भरून ठेवते. परवा देवणीहून नवीन लागलेली मुलगी बोलायला उभी राहिली. घसा कोरडा पडलेला दिसत होता, नजर सारखी पेल्याकडे जात होती, पण हात लावायची हिंमत नव्हती. शेवटी तिनं हात जोडले. "सर्वप्रथम उपस्थितांचे मनःपूर्वक स्वागत..."

माझा उजवा हात वर गेला.

"देवणी," मी म्हणाले, "आधी पाणी पी."

ती सगळा पेला घटाघटा प्याली, माझ्याकडे बघून हसली. मग मी तिला दार दाखवलं.