पहिल्या सीटचा हार्नेस

आधीच सांगते, कमेंटमध्ये 'बाधा' नाहीतर 'नजर' लिहिणार असाल तर राहू द्या. आंबिवलीला आमच्या घरी देव्हारा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. बावीस प्रतिज्ञा मला लहानपणापासून पाठ आहेत. भुताच्या गोष्टींना आमचे पप्पा जेवढे हसतात तेवढे कॉमेडी शो बघूनही हसत नाहीत. तरीही हे लिहितेय... कारण झालं ते झालं, आणि कोणी कितीही सांगितलं तरी मी ते नाही म्हणणार नाही.

ठाण्याच्या जरा पुढे एका पार्कात मी रोलर कोस्टर चालवायचे. नाव विचारू नका. बाहेर पाटी आहे — थ्रिल लेव्हल, पाचपैकी पाच मिरच्या. लूपमध्ये डोकं खाली, पाय वर. तेव्हा माणसाला धरून ठेवतो तो फक्त हार्नेस, म्हणजे खांद्यावरून छातीवर येणारी जाड दांडी, आणि तिला मांड्यांमध्ये अडकवायचा पट्टा.

आमची पद्धत साधी. प्लॅटफॉर्मवरची मुलगी प्रत्येक हार्नेस आधी दाबणार, मग वर उपसून बघणार. सगळे बसले की अंगठा दाखवणार. केबिनमध्ये माझ्यासमोर सगळे लॉक बसल्याचा हिरवा दिवा आणि बाहेर तिचा अंगठा, दोन्ही दिसल्याशिवाय बटण दाबायचं नाही. त्या रविवारी दुपारी प्लॅटफॉर्मवर वैशाली होती. मानपाड्याची, कामाला एकदम चोख.

माझा धाकटा भाऊ मिलिंद त्या दिवशी स्नेहाला घेऊन आलेला. दोघांचा साखरपुडा नुकताच झालेला. सोबत तिचा मोठा भाऊ.

"ताई, पहिली सीट दे हां. जरा वट दिसली पाहिजे."

"दिसू दे. पण उलटी झाली तर पुसायला मी येणार नाही!"

सगळे बसले. वैशालीने चेक केलं, अंगठा दाखवला. हिरवा दिवा लागला. बटणाकडे हात नेता नेता मी समोर बघितलं — मिलिंदचा हार्नेस वर. अर्धवट नाही, पूर्ण, डोक्याच्याही वर. पट्टा खाली लोंबतोय. आणि हा आपला स्नेहाशी हसत बोलतोय!

"वैशू, पहिली सीट!" मी माईकवरूनच ओरडले. ती वळली, दांडीवर हात मारला. मी बाहेर धावले... तर हार्नेस खाली, घट्ट. दोन्ही हातांनी उपसला, हलेना.

"काय गं?" मिलिंद म्हणाला.

"गप बस."

केबिनमध्ये आले. दिवा, अंगठा... आणि परत हार्नेस वर. परत धावले, परत खाली. रांगेतून आवाज यायला लागले, "ओ मॅडम, चालू करा ना! घरी गॅसवर दूध ठेवून आलोय!" मलाही हसू आलं असतं एरवी.

तिसऱ्यांदा मी नजर हटवलीच नाही. हार्नेसकडे एकटक बघत चालत गेले. अगदी सीटपाशी उभी राहिले तरी तो वरच. मग मी मिलिंदच्या छातीकडे हात नेला आणि दांडी माझ्या तळव्याला लागली. गार, लोखंडी, जागच्या जागी. डोळ्यांना वर आणि हाताला खाली! मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. तो माझा भाऊ होता हो...

मी जाऊन सगळे हार्नेस सोडले. "मिलिंद, उतर."

"वेडी झालीस का?"

"झाले. उतर. मी बटण दाबणार नाही."

रांगेत कोणीतरी म्हणालं, "स्टाफच्या फुकट्यांचं असंच असतं." स्नेहाचा भाऊ मोबाईलवर शूट करत होता. मिलिंदचे कान लाल झाले. उतरताना माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "सासरच्या माणसासमोर इज्जत घालवलीस. आजपासून तू माझी कोणी नाहीस."

पार्कचे साहेब आले. मेकॅनिकने सीट खोलून बघितली, काही दोष नाही. कॅमेऱ्यात हार्नेस पूर्ण वेळ खालीच, आणि मी येड्यासारखी धावून धावून तो ओढतेय. साहेब म्हणाले, जागेचं काहीतरी असेल, उद्या नारळ फोडू, तू हात जोड आणि चूक झाली म्हण, विषय संपला.

"साहेब, चूक झालेली नाही. आणि नारळाने लॉक बसत नसतो."

झालं! दुसऱ्या दिवसापासून मी लॉकरच्या चाव्या देतेय. देईन.

पण खरी गोष्ट नंतरची. चार-सहा दिवसांनी कँटीनमध्ये चहा पिताना वैशाली एकदम रडायला लागली. म्हणाली, "अगं, मलाही वर दिसलेला. तिन्ही वेळा."

"मग अंगठा का दाखवलास?"

"हाताला खाली लागत होता ना... मला वाटलं, मला एकटीलाच दिसतंय."

मीही तसंच समजले असते तर? साहेबांना ती हे सांगणार नाही. तिच्या एकटीवर घर चालतं, मीही आग्रह केला नाही.

डोळे तपासून घेतले, चांगले आहेत. ती सीट रोज फिरते, कोणाला काही झालेलं नाही. मग माझंच चुकलं असेल? असेल. दोघींना एकच गोष्ट का दिसली, मला माहीत नाही. पप्पांनाही सगळं सांगितलं, आणि या वेळी ते हसलेले नाहीत.

मिलिंदचं लग्न कल्याणला झालं. फोटोला त्याने मला स्टेजवर बोलावलं नाही. मम्मी रोज म्हणते, माफी माग, एवढं काय त्यात. नाही मागणार. त्याला हेही वाचून दाखवा हवं तर. अबोला धरलायस ना, मिल्या? धर. म्हातारा होईपर्यंत धर. अबोला धरायला माणूस जिवंत लागतो.