विल्माच्या बेहेमोथचं शेपूट

विल्मा स्ट्रिकलँड माझी नणंद. आमच्या नदीच्या तळाशी खडकात डायनोसोरच्या पावलांचे ठसे आहेत. त्यांच्या शेजारचे ठसे माणसांचेच, हे विल्मानं लहानपणी स्वतःचं पाऊल ठेवून पाहून ठरवून टाकलं होतं. बायबलच्या हिशेबानं पृथ्वी सहा हजार वर्षांची, यात तिला कधी शंका नव्हती. शंका होती ती पास्टरच्या नव्या बायकोबद्दल, शार्लीनबद्दल.

चर्चच्या उन्हाळी बायबल वर्गासाठी बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातला महाकाय प्राणी, बेहेमोथ, दरवर्षी विल्माच करायची. तारेची जाळी, खळ आणि जुनी वर्तमानपत्रं. आमच्यात बेहेमोथ म्हणजे डायनोसोरच. त्याचं शेपूट गंधसरूच्या उंच झाडासारखं असं लिहिलंय, म्हणून विल्मा ते धडापेक्षा लांब करायची. यंदा शार्लीननं जलप्रलयात प्राणी वाचवणाऱ्या नोहाचं तारू प्लायवुडचं बांधून घेतलं आणि आत ठेवायला कुत्र्याएवढी हिरवी डायनोसोरची पिल्लं शिवून आणली. मुलं त्यांच्यावर तुटून पडली. विल्माच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

"तुमचा बेहेमोथ तारवाच्या दारातून जायचा नाही हो," शार्लीन गोड आवाजात म्हणाली. "नोहानंसुद्धा पिल्लंच घेतली असणार. तुमचा बाहेर राहू दे. जलप्रलयात बुडायलाही कुणीतरी लागेलच की."

घरी येईपर्यंत विल्मा धुमसत होती.

"राहू दे ना बाहेर," मी म्हटलं. "काय बिघडतं?"

"तू गप्प बस. तिची बोचकी तारवात आणि माझा पाण्यात?"

तिनं माझ्या नवऱ्याकडून करवत मागून नेली. कशाला, ते त्यानंही विचारलं नाही.

रविवारी विल्माचा बेहेमोथ तारवात होता, खिडकीतून तोंड काढून. विल्मा पहिल्या बाकावर ताठ बसली होती. पास्टरनं मुलांसाठी ईयोबाचं पुस्तक उघडलं आणि वाचलं, "तो आपलं शेपूट गंधसरूसारखं हलवतो."

सगळी मुलं तारवाकडे वळली.

"विल्माकाकू, ह्याचं शेपूट कुठाय?" एका मुलीनं विचारलं.

बायबलचा काना-मात्रा कधी न सोडलेली बाई मान खाली घालून म्हणाली, "कापलं मी."

शार्लीन हसली नाही. तिनं मांडीवरच्या पिल्लाचं लांब शेपूट हळूच पर्सखाली झाकलं.

परतताना विल्मानं गाडीचं दार धाडकन लावलं. मग म्हणाली, "तेवढंच राहिलं होतं. आता दयासुद्धा तिनंच दाखवायची."