काहिलीचा तारांकित प्रश्न

आमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, विधानसभेत विचारलेल्या प्रश्नांची आठवण कोल्हापुरात अजूनही कुणी ना कुणी काढतं, आणि माझं तोंड कडू होतं. समोरचा माणूस कौतुकानं बोलत असतो, त्याला मध्येच तोडणं बरं दिसत नाही. मी मान हलवते आणि चहा टाकायला उठते.

संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत आबा विरोधी पक्षाकडून निवडून आले. पेशानं वकील. शाहूपुरीत घर, घरातल्याच पुढच्या खोलीत कचेरी; मतदारसंघ मात्र नदीपलीकडच्या खेड्यांचा. माझी थोरली बहीण आक्का त्याच भागात एका शेतकऱ्याच्या घरात दिलेली. आबांना वकिली कधी जमली नाही, आमदारकी मात्र अंगात भिनली. त्यातही प्रश्न विचारणं हे त्यांचं व्यसन झालं. शाळेचं छप्पर उडालं, प्रश्न. कोंडवाड्यात बैल मेला, प्रश्न. सकाळी अंघोळीच्या आधी टेबलाशी बसून शब्दकोश उघडायचा आणि इंग्रजीत भाग पाडून लिहायचं. ‘अ’मध्ये, हे खरे आहे काय? ‘ब’मध्ये, असल्यास सरकार काय करणार आहे? सरकारचं उत्तरही ठरलेलं असे. अ : नाही. ब : प्रश्न उद्भवत नाही. आबा जेवताना ही उत्तरं मंत्र्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचे आणि आम्ही हसायचो. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं, की आईसुद्धा म्हणायची, प्रश्न उद्भवत नाही. त्या दिवसांत मला आबांचा फार अभिमान होता.

आक्काच्या गावाला नदी ओलांडून जावं लागे. उन्हाळ्यात पायउतार असायचा, पाण्यातून चालत जाता यायचं; पावसाळ्यात नाव. ती सरकारी नाव एका पुरात फुटली आणि काठावर कुजत पडली. मग पावसाळ्यात लोक गुऱ्हाळातली काहिल पाण्यात सोडू लागले. उसाचा रस आटवायची ती भली मोठी लोखंडी कढई. पावसाळ्यात गुऱ्हाळं बंदच असतात, काहिल रिकामी पडलेली. माणसं मधोमध उकिडवी बसायची आणि चार पट्टीचे पोहणारे तिच्या कडा धरून ती पलीकडे ढकलत न्यायचे. गावाला यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट ईर्षा होती. आमच्या गावचे पोहणारे कसे, हे पाहुण्याला दाखवायला मिळायचं.

मुंबईच्या अधिवेशनात आबांनी यावर प्रश्न टाकला. अमुक गावचे लोक काहिलीत बसून नदी ओलांडतात हे खरे आहे काय? मंत्र्यांना काहिल म्हणजे काय ते कळेना. आबांनी दोन्ही हात पसरून इंग्रजीत समजावलं. कुणी सभासद म्हणाला, पलीकडे पोचेपर्यंत तळून तर निघत नाहीत ना? सगळं सभागृह हसलं. अध्यक्षही हसले म्हणे. पण या वेळी उत्तर ‘नाही’ असं आलं नाही. पुलाचा विचार चालू आहे, असं आलं.

ते वर्तमानपत्रात छापून आलं आणि आबा ‘काहिलवाले आमदार’ झाले. आक्काच्या गावानं त्यांची मिरवणूक काढली. बैलगाडीवर काहिल ठेवली, काहिलीत गादी, गादीवर फेटा बांधलेले आबा, पुढे हलगी आणि लेझीम. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण गावानं त्यावर पोटभर ढेकर दिली. आक्का सोप्यात उभी राहून बघत होती. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, पाचवा चालू होता. मला म्हणाली, आबा किती साजरं दिसत्यात बघ.

मग उन्हाळ्याच्या शेवटी एक गृहस्थ आमच्याकडे आले. आबांचे तालमीतले जुने सोबती. रस्ते आणि नावा ज्या कचेरीकडे होत्या, तिथं मोठ्या जागेवर होते. मी त्यांना सरबत नेऊन दिलं आणि दारातच थांबले, म्हणून पुढचं सगळं मी कानांनी ऐकलं.

"वकील, नावंचं लाकूड यिऊन पडलंय," ते म्हणाले. "तुमी नुसतं तोंडानं सांगा. पाऊस लागायच्या आत नाव पाण्यात सोडतो."

आबा हसले. म्हणाले, आत्ता नाव घेतली तर पूल गेला. मंत्री उद्या सभागृहात उभे राहून सांगतील, लोकांची सोय झालेली आहे, आता पुलाचा प्रश्न उद्भवत नाही. गृहस्थांनी पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. पूल यील तवा यील, हा पावसाळा तरी काढू. आबा हलले नाहीत. ते लाकूड दुसऱ्या कुठल्याशा घाटाला गेलं.

आई त्या दिवशी पहिल्यांदा आबांशी भांडली. आक्काचे दिवस ऐन पावसाळ्यात भरत होते. ती अडली तर तिला काहिलीतून आणायची का, असं आईनं विचारलं. आबांनी सांगितलं, पहिलं बाळंतपण इथं झालं, सुखरूप झालं. दुसरं सासरी होईल, तिथं सुईण आहे. तिला आधीच इकडे आणू या म्हटलं तर आक्काच्या सासूनं भात-लावणीची माणसं कोण सांभाळणार म्हणून नकार कळवला. आबांनी गावच्या चावडीत बैठक घेतली आणि आपलं म्हणणं मांडलं. गावाला ते कोर्टातल्या मुद्द्यासारखं पटलं. आक्काचे सासरेच उठून म्हणाले, "पावणं, एक पावसाळा कळ काढतो की आमी. पण पूल घिऊनच या." कुणीतरी तर काठावरच्या जुन्या नावेच्या फळ्याही चुलीला नेल्या, गावात नाव होती असा पुरावाच नको म्हणून. असला शहाणपणा आमच्याच मुलखात सुचावा.

पावसाळी अधिवेशन पुण्याला असे. आबा तिकडे होते तेव्हा आक्का अडली. सुईणीनं हात टेकले. सकाळी तिला काठावर आणली, तर पाणी इतकं होतं की पोहणारे उतरायला धजेनात. ओढ जराशी कमी झाल्यावर दुपारनंतर काहिल सोडली. आत आक्का, तिला मांडीवर धरून सासू, आणि बाहेर सहा जण. तीच काहिल होती का दुसरी, मी कधी विचारलं नाही. बैलगाडीतून दवाखान्यात पोचेपर्यंत दिवस कलला होता. मुलगा होता. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, दोन-तीन तास आधी आणलं असतं तर.

आबा तार मिळताच निघाले आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले. आक्काच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. डोळे भरले होते, ते मी पाहिलं. खोटं बोलणार नाही. मग स्टुलावर बसले आणि खिशातून कागद काढला. काठावर किती वेळ थांबावं लागलं, पाणी कुठवर चढलं होतं, पोहणारे कोण कोण होते, एकेक विचारू लागले. आईनं डोळे वटारले. आबा हळू आवाजात म्हणाले, पुरवणी प्रश्नाला लागतं, आता त्यांना नाही म्हणता यायचं नाही.

आक्कानं सगळी उत्तरं दिली. एकही चुकवलं नाही. तिचा आवाज इतका शांत होता की मलाच रडू फुटलं. आबांनी कागदाची घडी घालायला घेतली तेव्हा ती म्हणाली, "आबा, नाव असती तर तुमचा प्रश्न मेला असता, न्हवं?"

आबांनी कागद खिशात ठेवला.

"माझं पोरगं गेलं. तुमचा प्रश्न जगला की."

आबा त्याच संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परत गेले. मी त्यांना त्याबद्दल कधी क्षमा केली नाही आणि आता या वयात करायचा विचारही नाही. ज्याला मी भलं समजत होते त्या माणसानं भलेपणानंच हे केलं, म्हणून तर ते जास्त जाळतं. पुढच्या वर्षी नाव आली. पूल यायला आणखी बरीच वर्षं लागली, आणि तो दुसऱ्याच पक्षाच्या आमदारानं आणला.

लोक अजून सांगतात ते पुण्याचं त्या वेळचं भाषण. आबा मराठीत बोलले. ‘माझी मुलगी’ असं एकदाही म्हणाले नाहीत, ‘माझ्या मतदारसंघातली एक माता’ म्हणाले. दोन्ही बाजूंच्या सभासदांनी बाकं वाजवली, मंत्र्यांनी उभं राहून दुःख व्यक्त केलं, आणि एक म्हातारे गृहस्थ मला दरवेळी सांगतात की बाई, तुम्ही ते भाषण ऐकायला हवं होतं. मी त्या दिवशी दवाखान्यात होते. आक्काला पान्हा फुटला होता, ताप चढला होता, आणि आई तिच्या छातीला जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधत होती. दुसरं टोक मी धरलं होतं.