मनोगतातलं वर्गसमीकरण

गणितात खोट्याला जागा नसते, असं मी तीस वर्षं वर्गात सांगत आलो. माझी नोकरी कायम कशी झाली, ते मात्र वर्गात कधी सांगितलं नाही.

ऐंशी सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. परभणीतल्या एका शाळेत मी गणिताचा तात्पुरता शिक्षक होतो. दर उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि दर जूनमध्ये संस्थेच्या अध्यक्षांच्या ओसरीवर बसून ती परत मागावी लागायची. त्या वर्षी अध्यक्षांनी अट घातली: दहावीच्या बीजगणिताचं मार्गदर्शक लिहून द्या आणि कायमची ऑर्डर घ्या. लेखक म्हणून नाव त्यांचं. ते स्वतः कितवीपर्यंत शिकले होते, हे विचारायची संस्थेत पद्धत नव्हती.

छापखाना स्टेशन रोडला. छपाईचे शिशाचे खिळे जुळवायला पाथरीचे एक वयस्कर चाचा होते. वर्गमूळ, अपूर्णांक, वर चढवलेले घातांक अशी एक ओळ जुळवायला त्यांना अर्धा तास लागायचा, आणि पान छापून झालं की सगळे खिळे परत खणांत. म्हणून आम्ही एक सोय केली. नेहमी लागणारी सूत्रं चाचांनी एकदाच जुळवून सुतळीनं बांधून ठेवली. मी हस्तलिखितात लाल पेन्सिलीनं गोल काढून आत आकडा घालायचो. गोलातला एक दिसला की चाचा पहिली बांधलेली ओळ उचलायचे, दोन दिसला की दुसरी. एक म्हणजे वर्गसमीकरणाचं सूत्र. ही सोय फक्त गणितापुरती, असं आमच्यात काही ठरलं नव्हतं, कारण गणिताशिवाय काही छापायचंच नव्हतं.

मग अध्यक्षांना मनोगत सुचलं. माझे कागद चाळताना ते लाल गोल त्यांना भारदस्त वाटले होते. त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि संस्थेच्या एकेका यशाला लाल गोलात आकडा दिला. मी सांगितलं, हे गोल फक्त सूत्रांसाठी आहेत, मनोगतात साधे आकडे घाला. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"पुस्तक एकच हाय ना, सर? मग कायदे दोन कशाला? मनोगताला हात लावायचा न्हाई."

त्याच मनोगतात समता हा शब्द चारदा होता. विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्ह्यात दलितांची घरं जळाली, तेव्हा या माणसाच्या तोंडून तो एकदाही निघाला नव्हता.

मनोगत हातात आल्यावर चाचांनी चष्मा वर केला. "सर, हितं बी गोल हायेत. बांधलेल्या ओळी टाकू का?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "साहेबांनी हात लावू नका म्हटलंय. नेहमीसारखं करा."

प्रूफवर अध्यक्षांनी सही केली. सही अर्धं पान अडवून बसली होती. वाचायला वेळ उरला नसावा.

प्रकाशन गंगाखेडच्या शाखेत झालं. हार, नारळ, स्वागतगीत. अध्यक्ष मनोगत वाचायला उभे राहिले. संस्थेची उज्ज्वल वाटचाल म्हणाले, आणि पुढं त्याच आवाजात, "उणे बी, अधिक-उणे..." तिथं थांबले. त्यांच्या कपाळावर घाम मी पहिल्यांदाच पाहिला. फार बरं वाटलं. मग आठवलं, की ऑर्डरवर त्यांची सही अजून व्हायची आहे.

"याचा अर्थ आमचे गणिताचे सर सांगतील," ते लोकांना म्हणाले. खाली बसताना हळूच मला म्हणाले, "नीट सांगा. जून आलाय."

मी उठलो. वर्गसमीकरणाला दोन उत्तरं असतात, संस्थेलाही दोन आहेत, एक शिक्षण आणि दुसरं सेवा, आणि साहेबांनी हे सगळं एका ओळीत मांडलंय, असं सांगितलं. टाळ्या बराच वेळ चालल्या. मागच्या रांगेत चाचा तेवढे हात मांडीवर ठेवून बसले होते.

ऑर्डर सोमवारी मिळाली. दुसऱ्या आवृत्तीत गणितातल्या सात चुका मी दुरुस्त केल्या. मनोगत तसंच ठेवलं.