देवरीचा धान अन् दोनची वेळ

नागपूरहून सकाळची गाडी धरली. तुमसर मागे पडलं आणि आभाळ खाली उतरत चाललं. दिवाळी होऊन गेलेली, धान कापून झालेला. या दिवसांत या भागात पाऊस कुणालाच नको असतो. मला तर त्या दिवशी अजिबातच नको होता.

सरकारच्या संगणक-कामात मी नोकरीला लागले ती गोंदियातच. जिल्हा तेव्हा नवा होता आणि संगणकाच्या खोलीत चपला काढून जावं लागे. तहसीलदारसुद्धा दारात बूट काढत. तिथून एकेक पायरी चढत मी मुंबईला, राज्याची कामं बघणाऱ्या खुर्चीपर्यंत पोचले. येत्या उन्हाळ्यात निवृत्ती आहे. धानखरेदीची नवी प्रणाली हे माझं शेवटचं मोठं काम. ती त्याच दिवशी दुपारी दोनला सगळ्या केंद्रांवर सुरू व्हायची होती आणि जुनी त्याच क्षणी बंद. केंद्रांवर ते कसं होतं, हे बघायला मी निघाले होते.

गोंदियाच्या फलाटावर उतरते न उतरते तोच मुंबईहून रोहिणीचा फोन आला. रोहिणी माझी उपसंचालक, हाताखाली तयार झालेली.

“मॅडम, देवरीकडच्या काही शेतकऱ्यांची नावं नव्या प्रणालीत येतच नाहीयेत. थांबवायचं का?”

“किती नावं?”

“अजून तपासतोय.”

“मी देवरीलाच चाललेय. डोळ्यांनी बघते, मग सांगते.”

चहावाला कधीचा समोर उभा होता. “मॅडम, चाय ठंडी हो गई. दूसरी दूँ?” मी नको म्हटलं आणि बाहेर येऊन मोटारीत बसले.

शेखरभाऊ गाडी चालवत होते. आमगाव सुटलं की दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या (धानाची लहान खाचरं) आणि मधूनमधून तळी. तळ्याकाठी बाया उकडलेले शिंगाडे विकत होत्या. शेखरभाऊंनी कागदात बांधून घेतले. मी एक सोलला आणि तसाच हातात धरून बसले.

देवरीच्या केंद्राबाहेर पोत्यांच्या थप्प्या उघड्यावर होत्या. ताडपत्र्या होत्या, पण सगळ्यांना पुरणाऱ्या नव्हत्या. रांगेत पुढे एक बाई पोत्याला टेकून बसली होती, वच्छलाबाई. मी केंद्रचालकाला तिचं नाव दोन्हीकडे टाकून बघायला सांगितलं. जुन्यात आलं. नव्यात नाही.

“काऊन जी बाई, माझं नाव नाही का त्याच्यात?”

“जुन्यात आहे. नव्यात अजून दिसत नाही.”

“दिवारीपासून नंबर लावून बसून राहिली मी. आज पानी आला तं काय करू? धान डोक्यावर घेऊन घरी जाऊ का?”

मी बाजूला जाऊन मुंबईतल्या सचिवांना फोन लावला आणि जे पाहिलं ते सांगितलं.

“मंत्र्यांनी जाहीर केलंय, आता मागे कसं फिरायचं?” ते म्हणाले. “बघतो. कळवतो.”

रोहिणीला मी सांगितलं, “साहेबांचा निरोप येईपर्यंत काही करू नकोस.”

इटियाडोह धरणाकडच्या केंद्रावर लोक वाट बघत होते, म्हणून निघाले. देवरीतच थांबायला हवं होतं, हे जंगल सुरू झालं तेव्हा कळलं. फोनवरची रेंज गेली ती गेलीच. त्यात चाक पंक्चर झालं. शेखरभाऊ स्टेपनी काढत होते आणि मी फोन उंच धरून रस्त्यावर पुढेमागे फिरत होते. मोटारसायकलवरून जाणारा एक माणूस थांबला.

“इथं नाही भेटत रेंज. धरनाच्या पारीवर जा. तिथं भेटते कधी कधी.”

इटियाडोहचं पाणी डोंगरांच्या कुशीत दूरवर पसरलेलं आहे असं लोक सांगतात. मी त्या पारीवर, म्हणजे बांधावर, उभी होते, पण माझे डोळे फोनवर होते. रेंजची एक कांडी आली. रोहिणीचा संदेश उतरला: ‘फोन लागत नाही. साहेबांचा निरोप नाही. दोन वाजत आलेत. काय करू?’ मी नंबर लावला. एकदा वाजला आणि तुटला. पुन्हा लागलाच नाही. घड्याळात दोन होऊन गेले होते. देवरीतली ती रांग डोळ्यांपुढून हलेना. इटियाडोहकडच्या केंद्रावर मी काय पाहिलं, कुणाशी काय बोलले, आज नीट आठवत नाही.

नवेगावबांधला खाणावळीत बसलो तेव्हा फोन लागला. समोर भात आणि मासळीचा रस्सा आला होता.

“मॅडम, मी थांबवलं,” रोहिणी म्हणाली. “जुनीच चालू आहे. देवरीत वजनं होताहेत.”

“आणि साहेब?”

“खूप चिडलेत. लेखी खुलासा मागितलाय.”

“त्यांना सांग, मी सांगितलं होतं थांबवायला.”

“नको मॅडम. तुम्ही नव्हतं सांगितलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

“आता तरी जेवा जी,” शेखरभाऊ म्हणाले, “भात थंडा होऊन राहिला.”

जंगलात बदललेलं चाकही सौंदडपर्यंतच टिकलं. गाडी पंक्चरच्या दुकानात लावून शेखरभाऊंनी मला चालत स्टेशनवर पोचवलं. गोंदियाची गाडी यायची होती. थेंब पडू लागले आणि बघता बघता पावसानं जोर धरला. मी देवरीच्या केंद्रचालकाला फोन केला.

“वच्छलाबाईचा धान मोजून झाला, मॅडम. मागच्या काही लोकांचा राहिला. ताडपत्री टाकली, पन खालून भिजून राहिला.”

परतीच्या गाडीत खिडकीवर पाणी ओघळत होतं आणि कुणाचा धान भिजला असेल, एवढंच डोक्यात होतं.

पुढच्या आठवड्यात मुंबईत बैठक झाली. सचिवांनी माझ्याकडे बघून विचारलं, “हे कुणाच्या परवानगीनं थांबवलं?”

उत्तर द्यायला सवयीनं माझं तोंड उघडलं, पण रोहिणी आधीच उभी राहिली होती. “माझा निर्णय होता, सर.”

“आणि बरोबर होता,” मी म्हटलं. “नावं नव्हती, हे मी देवरीत स्वतः पाहिलं होतं. हा निर्णय मी तिथंच घ्यायला हवा होता. मी घेतला नाही.”

रोहिणीनं वळून माझ्याकडे पाहिलं.

नावं दुरुस्त झाल्यावर नवी प्रणाली सुरू झाली, आणि ती नीट चालली आहे. रोहिणीचा खुलासा मात्र अजून सचिवांकडेच पडून आहे. माझ्यानंतर खुर्ची तिला मिळेल की नाही, कुणी सांगत नाही. त्या प्रवासातली धाकधूक अजून गेलेली नाही. फक्त आता ती रोहिणीसाठी वाटते.