तिकिटाचा चिमटा आणि विणायची सुई

महाडपासून पोलादपूरपर्यंत आणि तिथून वर आंबेनळी घाटाच्या वळणांपर्यंत जेवढी म्हणून माणसं राहतात, त्या सगळ्यांना देवाच्या खालोखाल कोणी ओळखत असेल तर ते आमचे साडू. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभा जन्म त्यांनी एस.टी.त कंडक्टरकी केली आणि निवृत्त झाले ते फक्त कागदावर. निरोपाच्या दिवशी डेपोतल्या मंडळींनी शाल-नारळ पुढे केला तेव्हा ते म्हणाले, "ह्ये राहू द्या. माझा चिमटा तेवढा मला द्या." चिमटा म्हणजे तिकिटाला भोक पाडायचं यंत्र. तो त्यांना मिळाला आणि तेव्हापासून तो त्यांच्या उजव्या हातात असायचा. विचारात पडले की ते रिकामाच टिकटिक वाजवत. जेवताना डाव्या हाताशी ठेवत, आणि आमची अक्का, म्हणजे त्यांची बायको, तो ताटाजवळून उचलून फडताळात ठेवी.

त्यांना नवा माणूस भेटला की तुम्हीआम्ही विचारतो तसं "कुठले तुम्ही?" असं ते विचारत नसत. ते विचारत, "कुठं उतरणार?" कोणी नोकरी सांगो, जात सांगो, पाव्हण्यांचे संबंध सांगो, माणूस कोणत्या थांब्यावर उतरतो हे कळेपर्यंत साडूंच्या लेखी त्याची ओळख झालेली नसायची. लग्नाच्या मांडवात ते कधी बसले नाहीत. दाराशी खांबाला धरून उभे राहायचे आणि येणाऱ्या वऱ्हाडाला "पुढं सरका, पुढं जागा हाय" म्हणत थेट बोहल्यापर्यंत ढकलायचे. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी पाळण्याभोवतीच्या बायका दोनदा मोजल्या. का मोजल्या म्हणून विचारलं तर म्हणाले, "सवय. एक कमी भरली तर गाडी सोडायची कशी?"

मी महाडच्या हायस्कुलात मास्तर होतो आणि पोलादपूरकडच्या डोंगरवाड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलांच्या वसतिगृहाचा चिटणीसही होतो. वसतिगृह चालायचं ते लोकांच्या देण्यावर. कोणी तांदूळ देई, कोणी सतरंज्या, कोणी कौलं, कोणी नुसतीच चार दिवस अंगमेहनत. या सगळ्यांची एक भली थोरली वही मी ठेवली होती. माझं अक्षर चांगलं आहे असं लोक म्हणतात, म्हणून मी ती वही जरा दिसेल अशीच ठेवत असे. साडू निवृत्तीनंतर पहिल्यांदा वसतिगृहात आले तेव्हा मी ती कौतुकानं त्यांच्यापुढे केली. त्यांनी दहा-बारा पानं उलटली, चिमटा टिकटिकवला आणि म्हणाले, "मास्तर, अक्षर सुंदर हाय. पर ह्यात माणूस सापडत नाय."

मला राग आला, कारण ते खरं होतं. वही तारीखवार होती, आणि माणसाला आपण तारखेवरून कधी आठवतो? शिवाय आमच्याकडे निम्मा तालुका मोरे, उरलेल्यात जाधव आणि सकपाळ. एकट्या पांडुरंग मोऱ्यांनी माझी तीन पानं भरली होती. त्याच वर्षी एका पांडुरंग मोऱ्यांनी वसतिगृहाला गाद्या दिल्या आणि मी आभाराचं पत्र धाडलं ते भलत्याच पांडुरंग मोऱ्यांना. या दुसऱ्या गृहस्थांनी पत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावलं. मग त्यांना कसंसंच वाटू लागलं असावं, कारण पुढच्या महिन्यात ते स्वतः तांब्याचा हंडा खांद्यावर घेऊन हजर झाले. साडू त्यांच्यावर बेहद्द खूश झाले. खरे गादीवाले मोरे मात्र रुसले ते वर्षभर रुसलेलेच होते.

या गादी प्रकरणानंतर साडूंनी वही माझ्याकडून काढून घेतली आणि शोध लावला. हो, शोधच म्हणतो मी. संगणक हा शब्द आम्ही तेव्हा वर्तमानपत्रात वाचला होता आणि ते कपाटाएवढं काहीतरी असतं एवढंच आम्हाला ठाऊक होतं. साडूंचं यंत्र बुटांच्या खोक्यात मावत असे. आयुष्यभर जमवलेल्या लग्नपत्रिका त्यांनी बाहेर काढल्या, पत्र्याच्या मापानं सगळ्या एकसारख्या कापल्या आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर एकेका दात्याला एकेक कार्ड दिलं. मग प्रत्येक कार्डाच्या चारी कडांना चिमट्यानं भोकं पाडली, सगळ्या कार्डांना सारख्याच जागी. प्रत्येक भोकाला अर्थ होता. हे भोक पाचाडच्या रस्त्याचं, हे लोहाऱ्याचं, हे पोलादपूरचं, हे पुढे घाटाखालचं. हे गिरणीवाल्यांचं, हे बोटीवर नोकरीला जाणाऱ्यांचं, हे शेतकऱ्यांचं. हे तांदूळ देणाऱ्यांचं. ज्या माणसाला जी गोष्ट लागू, तेवढं भोक कात्रीनं कडेपर्यंत कापून मोकळं करायचं. मग सगळा गठ्ठा एकत्र धरायचा, हव्या त्या भोकातून सुई आरपार घालायची, उचलायचं आणि झटका द्यायचा. ज्यांचं भोक मोकळं ती कार्डं खाली पडतात, बाकीची सुईला लटकून राहतात. ही अक्कल कुठून आली म्हणून विचारलं तर म्हणाले, "तिकिटं तारेत ओवून ठेवायचो. ज्याचं भोक फाटलंय त्ये तिकीट रोज पडायचं. एवढी वर्सं शिव्या घातल्या त्याला, आता कामाला लावलं."

सुई अक्काची होती. त्यांची लेक महाबळेश्वरला दिलेली, म्हणून अक्का महाडच्या घामात बसून बारमाही स्वेटर विणायची. तिची लांब सुई साडूंनी पळवली ती पळवलीच. "माझा एक हात झालाय, दुसरा ऱ्हायलाय," अक्का माझ्याकडे तक्रार करायची. साडू म्हणायचे, "गो, थंडी काय दोन्ही हातांना एकदम वाजत नाय." जावयानं तो हिवाळा अर्ध्या स्वेटरावर काढला.

वसतिगृहाच्या समितीला हे सगळं पोरखेळ वाटे. आमचे अध्यक्ष महाडचे जुने वकील होते, शिस्तीचे आणि कायद्याचे. एकदा त्यांनी एक कार्ड उचलून मोठ्यानं वाचलं. एका बाजूला 'आमचे येथे श्रीकृपेकरून' एवढंच उरलेलं आणि दुसऱ्या बाजूला साडूंच्या अक्षरात, 'कुळीथ दिले. बायको जास्त देणार होती, यानं हात धरला. पुढच्या वेळी बायकोला विचारणे.' वकीलसाहेब म्हणाले, "हे दप्तर आहे की चावडी?" साडूंनी ते कार्ड घेतलं आणि जिथून आलं होतं तिथे घातलं.

आणि मग तो मे महिना आला. ज्या घरात वसतिगृह होतं त्याच्या मालकानं शाळा सुरू व्हायच्या आत जागा मोकळी करून मागितली. त्याचीही अडचण खरी होती, त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. पण जूनच्या आत जागा मिळाली नाही तर आमची चाळीस मुलं डोंगरातच राहणार होती, आणि एकदा शाळा सुटलेलं पोर गिरणीच्या दाराशी जातं, परत येत नाही, हे मी मास्तरकीत पुरतं पाहिलं होतं. आम्ही महाड पालथं घातलं. चाळीस पोरं म्हटल्यावर घरमालक हात जोडायचे. शेवटच्या बैठकीत वकीलसाहेब कपाळ चोळत म्हणाले, "कोणीतरी एकदा म्हणाला होता बघा, माझं महाडातलं घर बंदच असतं, लागलं तर सांगा. बोटीवर होता. घाटाखालच्या गावचा. तांदूळ घेऊन आला होता. नाव काही आठवत नाही."

साडू तसेच उठून घरी गेले आणि खोकं घेऊन आले, मागोमाग अक्काही आली, बहुधा सुईवर लक्ष ठेवायला. घाटाखालच्या भोकात सुई गेली. झटका. पाच-सहा कार्डं पडली. त्यांचा लहान गठ्ठा केला, बोटवाल्यांच्या भोकात सुई घातली, झटका दिला. एकही पडलं नाही. त्यांनी पुन्हा झटका दिला. सगळी कार्डं सुईला धरून बसली होती. वकीलसाहेब हळूच म्हणाले, "ती सुई आता स्वेटरला द्या." साडूंचा चेहरा इतका उतरला की मला त्यांच्याकडे बघवेना. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

तेवढ्यात टिकटिक सुरू झाली. साडू डोळे मिटून उभे होते, एक हात वर, जणू गाडीतला दांडा धरलाय. "बोटीवरनं आलेला माणूस," ते पुटपुटले, "म्हणजे ट्रंक असणार. ट्रंक टपावर. टपावर चढून ती मीच खाली दिली असणार. कुठं दिली?" चिमटा दोनदा वाजला. "घाटाखाली नाय दिली. लोहाऱ्याला दिली. त्याची बहीण लोहाऱ्यास हाय, आधी तिच्याकडं जेवतो, मग घरी जातो. मास्तर, चूक माझी. माणूस ऱ्हातो कुठं ह्ये मी कधी लिवलंच नाय. उतरतो कुठं तेवढंच लिवलं."

लोहाऱ्याच्या भोकात सुई गेली, मग बोटीच्या. दुसऱ्या झटक्याला एकच कार्ड टेबलावर पडलं. वकीलसाहेबांनी ते उचललं आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, 'तांदूळ दोन पोती. बहीण लोहाऱ्यास. बोलला, महाडचं घर बंद असतं, पोरांना लागलं तर बहिणीला सांगा.' मी साडूंना विचारलं, "तुम्हीच लिहिलंय, मग तुम्हाला आठवलं कसं नाही?" ते म्हणाले, "लिवलं म्हणूनच आठवलं नाय. तिकीट फाडलं की प्रवासी डोक्यावर घेऊन फिरायचं नसतं."

त्याच दुपारी मी आणि साडू लोहाऱ्याला उतरलो. त्या बाईंनी साडूंना ओळखलं आणि डोक्यावरचा पदर नीट करत दारात आल्या. आमचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्या आत गेल्या आणि कडीला बांधलेल्या फडक्यातून चावी सोडून घेऊन आल्या. "भाई सांगून गेलाय, वसतिगृहाचं कोण आलं तर लगेच दे," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाली, मी रोज पुसून ठेवते. कंडक्टरदादा, तुम्ही एवढा उशीर केला?" साडूंनी आयुष्यात पहिल्यांदा उशिराचं कारण सांगितलं नाही. त्यांनी दोन्ही हातांत चावी घेतली आणि नमस्कार केला. वकीलसाहेबांनी पुढे रीतसर संमतीपत्र मागवलंच, आणि ते कुठल्याशा बंदरातून आलंही. त्यात होकार एका ओळीत होता आणि बाकीच्या पानभर मुलांना तांदूळ कमी पडत नाही ना, ही चौकशी होती.

जूनमध्ये चाळीस मुलं डोक्यावर वळकट्या घेऊन बाजारातून नदीकाठच्या मोहल्ल्यातल्या त्या दुमजली घराकडे निघाली. सगळ्यांत पुढे साडू. जुना खाकी कोट त्यांनी मुद्दाम घातला होता. दुकानदार फळीवरून उतरून बघत होते. घराच्या दारात उभं राहून साडूंनी एकेका मुलाच्या पाठीवर चिमटा टेकवून टिक वाजवलं, चाळीस मोजली, "पुढं सरका, पुढं जागा हाय" म्हणून आत लोटली, आणि हवेतच दोरी ओढून दोनदा घंटी दिली. वकीलसाहेब माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी खिशातून आपल्या मुलीची लग्नपत्रिका काढली आणि साडूंना दिली. म्हणाले, "एकच बाजू छापलीय. मागची कोरी आहे."

साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. चिमटा अक्काकडे आहे, खोकं माझ्याकडे. ते गेल्यावर मी त्यांचं कार्ड शोधलं, तर नव्हतंच. सगळ्यांना ओळखणाऱ्या माणसानं स्वतःला दात्यांत धरलं नव्हतं. मग मीच एक केलं, वकीलसाहेबांनी दिलेल्या त्या पत्रिकेच्या मागच्या बाजूवर. नाव लिहिलं आणि कुठली भोकं मोकळी करावीत याचा विचार करत बसलो. अक्का म्हणाली, "सगळीच कापा भाऊजी. ते कुठं एका थांब्यावर उतरायचे." मी सगळी कापली. तेव्हापासून कुणाचाही शोध घ्यायला मी सुई घालतो आणि झटका देतो, तर हवा असलेला माणूस पडायच्या आधी साडू पडतात. शोधाच्या दृष्टीनं ते कार्ड निरुपयोगी आहे, बाजूला काढून ठेवायला हवं हे मला कळतं. मी ते उचलतो, थोडा वेळ हातात धरतो आणि परत गठ्ठ्यात घालतो.